शाळेपुढची पाटी कोणी मागितली?

‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका’ ही पाटी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. बऱ्याच ठिकाणी तिचा रंग उडालेला असतो, कुठे तिच्यावर शिकवणीची जाहिरात चिकटवलेली असते. पस्तीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. एखादी वस्तू दिसली की ती इथे कोणी आणली आणि का, असे मनात येते. या पाटीच्या मागे जाऊ लागलो तेव्हा पुनःपुन्हा एकच गोष्ट आढळली. सरकारने ती आपणहून क्वचितच दिली, बहुधा कोणीतरी आधी मागितली.

इंग्लंडपासून सुरुवात करू. तिथे १९०३ च्या मोटारकार कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली. त्याच कायद्यात एक छोटीशी सोय होती. एखाद्या ठिकाणी धोका वाटला, तर तिथल्या स्थानिक संस्थेने अर्ज करायचा आणि त्या जागेपुरती मर्यादा ताशी १० मैल, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर, करून घ्यायची. लोकांनी मागावे आणि जागा पाहून वेग ठरावा, ही कल्पना इतकी जुनी आहे. पुढे १९३० च्या कायद्याने मोटारींवरची ती २० मैलांची मर्यादा काढून टाकली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली. मग मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली.

पण शाळकरी मुलांच्या दृष्टीने खरा इतिहास हॉलंडमध्ये घडला. तिथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यात ४०० हून अधिक मुले होती. आज आपण त्या देशाला सायकलींचा देश म्हणतो, पण त्या काळी तिथेही मोटारींसाठी वस्त्या पाडून रस्ते रुंद करणे चालले होते. विक लँगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी त्याच वर्षी शाळेच्या वाटेवर मोटारीच्या धडकेत गेली. त्याने १९७२ मध्ये आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता, ‘बालहत्या थांबवा’. त्याने ‘अपघात’ हा शब्द टाळला, हे लक्षात घ्या. अपघात म्हटले की दोष नशिबाकडे जातो आणि माणसे मोकळी होतात.

त्या मथळ्याच्याच नावाची संघटना उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मार्त्ये फान पुत्तेन ही ॲमस्टरडॅममधली एक तरुण आई होती. पुढे ती युरोपीय संसदेची सदस्य झाली. आईबाप आणि मुले रस्त्यावर उतरली. काही गल्ल्या वाहनांना बंद करून तिथे मुलांना खेळू दिले. ॲमस्टरडॅमच्या ‘दे पेप’ या दाटीच्या वस्तीतल्या मुलांनी तर खेळायला जागा हवी म्हणून स्वतःच रस्ता अडवला, आणि ते दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले.

या मंडळींनी नुसता निषेध केला नाही, तर रस्ता कसा हवा तेही दाखवले. डेल्फ्ट शहरात त्याआधीच एक प्रयोग सुरू झाला होता. गल्लीत झाडे, बाके, वळणे अशी मांडणी करायची की मोटार हळू चालवण्यावाचून गत्यंतरच राहू नये. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ साधारण ‘राहते अंगण’ असा होतो. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली आणि तिथे मोटारीचा वेग माणसाच्या चालीइतका ठरला. नंतर वस्त्यांमध्ये ताशी ३० किलोमीटरचे विभाग आले. २०१० साली मुलांच्या मृत्यूंचा आकडा १४ वर आला होता. सगळे श्रेय वेगमर्यादेचे नाही, सायकलींच्या वेगळ्या वाटा आणि सुधारलेली वैद्यकीय मदतही त्यात आहे. पण सुरुवात मागणीने झाली.

३० चा आकडा का, हे आठवीतल्या मुलालाही कळेल. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते, ३० ने जाणारी सुमारे ८ मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढा फरक पडतो. मूल चेंडूमागे धावले तर जीव वाचतो तो या सहा मीटरांत.

मी ज्या शाळेत अखेरची बारा वर्षे होतो तिच्या फाटकासमोरूनच राज्यमार्ग जात असे. पाचवीतल्या एका मुलाला दुचाकीने उडवले. तो वाचला, पण दहावीपर्यंत मी त्याला लंगडतच वर्गात येताना पाहिला. आम्ही एका कार्यालयाला अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आले, ‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.’ दुसऱ्या कार्यालयाला लिहिले तेव्हा पाटी लागली, पण वेग होता तसाच राहिला.

ही गोष्ट सांगायचे कारण असे की आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ११२ पाहा. लोकहितासाठी गरज वाटल्यास राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी विशिष्ट रस्त्यावर वेगमर्यादा ठरवू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि कलम ११६ प्रमाणे जागेवर फलक लागावा लागतो. मर्यादा महिनाभरापुरतीच असेल तर अधिसूचनेची गरज नसते. म्हणून अर्जात ‘पाटी लावा’ एवढेच न लिहिता अधिसूचना आणि फलक दोन्ही मागावे.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा. तो ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम खाते किंवा राष्ट्रीय महामार्ग यांपैकी कोणाचा तरी असतो. अर्जाची एक प्रत त्यांना, एक वाहतूक पोलिसांना आणि एक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यावी. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, जमल्यास ग्रामसभेचाही ठराव, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा, मुलांची संख्या आणि हाताने काढलेला नकाशा जोडावा. पोच घ्यायला विसरू नये. उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

वेगाचा पुरावाही घरच्या घरी काढता येतो. रस्त्याकडेला ५० मीटरवर दोन खुणा करा आणि कडेला सुरक्षित जागी उभे राहून घड्याळ लावा. गाडीने ते अंतर ६ सेकंदांत कापले तर वेग ताशी ३० किलोमीटर आणि ३.६ सेकंदांत कापले तर ५०. आठवडाभर शाळा सुटण्याच्या वेळी नोंदी ठेवल्या की ‘वाहने फार जोरात जातात’ या वाक्याला आकडे मिळतात, आणि आकड्यांचा कागद बाजूला सारणे साहेबांनाही जड जाते.

गतिरोधकाची मागणी आपण सर्वांत आधी करतो. तो हवा असेल तर शास्त्रशुद्ध बांधलेला, पट्टे मारलेला आणि आधी सूचनाफलक असलेला मागा. अंधारात न दिसणारा उंचवटा दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो. पादचारी पट्टे, फाटकापाशी कठडा, मुलांना उभे राहण्यापुरता पदपथ, हेही अर्जात लिहावे. हॉलंडच्या लोकांनी रस्त्याची मांडणीच बदलून घेतली, म्हणून त्यांच्या पाटीला अर्थ आला.

जूनमध्ये शाळा उघडतात. अर्ज मार्चमध्येच दिलेला बरा, कारण कागद सरकायला तेवढा वेळ लागतोच.