एक शिलिंग ठेवा

लंडनमधल्या पटनीला घर घेतलं तेव्हा कळलं, रोमन साम्राज्याचा इतिहासकार एडवर्ड गिबन १७३७ साली इथंच जन्मला. मी हिशेबनीस माणूस. रोमपेक्षा मला त्याच्या आजोबांचा ताळेबंद जवळचा वाटला.

आजोबाही एडवर्ड गिबनच, साउथ सी कंपनीचे डायरेक्टर. १७२० मध्ये कंपनीचा शेअर हजार पौंडांच्या घरात गेला आणि त्याच वर्षी गडगडला. पुढच्या वर्षी संसदेनं खास कायदा करून डायरेक्टरांची इस्टेट जप्त केली. आजोबांची भरली १,०६,५४३ पौंड, ५ शिलिंग, ६ पेन्स. त्यातले त्यांच्या हाती किती ठेवायचे, पंधरा हजार की दहा? दहा ठरले. नातू आठवणींत लिहितो की एखाद्याला एकच शिलिंग ठेवा, अशाही सूचना थट्टेनं यायच्या. एक जण तर आपले घोडे सोनं खातील असं कधीतरी बरळला होता, तेवढ्यावर बुडाला. नातू आजोबांचाच कैवार घेणार म्हणा. पण गुन्हा आधी, कायदा मागून, हा त्याचा राग मला पटतो.

डायरेक्टरांना संसद आणि सरकारी पदं बंद झाली, व्यापार मात्र मोकळा राहिला. आजोबांनी दहा हजारांतून पुन्हा जवळजवळ पहिल्याइतकीच माया जमवली!

डायरेक्टरची खुर्चीच काढून घ्यायची, हे सुचायला दोनशे वर्षं लागली. १९२८ च्या कंपनी कायद्यात लबाडीनं धंदा करणाऱ्यांवर बंदी आली. १९८६ च्या कायद्यानं, कंपनी बुडाली आणि डायरेक्टर नालायक ठरला तर किमान २, कमाल १५ वर्षं बंदी. १९९० च्या सेव्हनओक्स स्टेशनर्स खटल्यात अपील कोर्टानं बंदीच्या पायऱ्या आखल्या: २ ते ५ वर्षं, ६ ते १०, त्यावर अतिगंभीर. त्या खटल्यातल्या डायरेक्टरची बंदी ७ वर्षांवरून ५ वर आली. तगादा लावील त्याला पैसे द्यायचे आणि सरकारचा कर थकवून धंदा हाकायचा, ही त्याची रीत. माझ्या टेबलासमोर ती मी कितीदा पाहिली आहे.

असाच बंदी आलेला एक जण विचारायला आला, "काका, बायकोच्या नावावर कंपनी काढू?"

"काढ. पण माल कुठून घ्यायचा, कुणाला उधार द्यायचं, कोण ठरवणार?"

"मीच की!"

"मग दोन वर्षांपर्यंत तुरुंग. शिवाय त्या कंपनीचं कर्ज तुझ्या डोक्यावर."

"मग मी करू काय?"

"नोकरी. तिला बंदी नाही."

चहा तसाच टाकून तो उठला.