मानेच्या वरच्या मणक्यांचे अस्थिभंग : शस्त्रक्रिया की स्थिरीकरण? नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कवटीच्या लगेच खाली असणारे ॲटलस व ॲक्सिस हे दोन मणके आकाराने लहान असले तरी मान वळविण्याच्या क्रियेपैकी सुमारे निम्मी क्रिया त्यांच्यामधील सांध्यात घडते. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. या ठिकाणी गंभीर इजा झाल्यास हातापायांची हालचालच नव्हे, तर श्वसनही बंद पडू शकते. हे मणके मोडल्यास शस्त्रक्रिया करावी की मान स्थिर ठेवून हाड आपोआप जुळू द्यावे, हा अस्थिशल्यशास्त्रातील जुना वाद आहे. तो बहुधा केवळ अस्थिभंगाच्या प्रकाराच्या अंगाने मांडला जातो. नांदेड व लातूर या जिल्ह्यांमध्ये या निवडीवर आरोग्यसंस्थांच्या इतिहासाचाही प्रभाव कसा पडला, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उपचारपद्धतींचा विकास

जेफ्री जेफर्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९२० मध्ये ॲटलसच्या अस्थिभंगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये क्रचफिल्ड यांनी कवटीला चिमटे बसवून वजनाने मान ताणून धरण्याची पद्धत रूढ केली. १९५९ मध्ये पेरी व निकेल यांनी डोक्याभोवती कडे बसवून ते धडाच्या आवरणाशी जोडणारी ‘हॅलो’ पद्धत मांडली. मूळची पोलिओग्रस्तांसाठी असलेली ही योजना पुढे अस्थिभंगासाठीही वापरली गेली. दुसरीकडे, गॅली यांनी १९३९ मध्ये तारेने दोन्ही मणके बांधण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली.

१९७४ मध्ये अँडरसन व डी’अलोन्झो यांनी ॲक्सिसच्या दातासारख्या सुळक्याच्या अस्थिभंगाचे तीन प्रकार केले, आणि वादाला निश्चित आधार मिळाला. मणक्याच्या गाभ्यात गेलेला तिसरा प्रकार स्थिरीकरणाने बहुधा जुळतो. सुळक्याच्या पायथ्याशी होणारा दुसरा प्रकार मात्र न जुळण्याचा धोका मोठा असतो. वय अधिक असल्यास किंवा हाड बरेच सरकले असल्यास हा धोका वाढतो.

या इतिहासात महाराष्ट्राचे योगदान महत्त्वाचे आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व डॉ. लाहेरी यांनी ॲटलस व ॲक्सिस यांच्या बाजूच्या भागांत स्क्रू बसवून पट्टीने ते जोडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीतील हार्म्स यांनी २००१ मध्ये तिचे सुधारित रूप मांडले. आज ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून जगभर ओळखली जाते.

मराठवाड्यातील आरोग्यव्यवस्था

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मोठ्या उपचारांसाठी नांदेड परिसराची नजर हैदराबादकडे असणे स्वाभाविक होते. १९५६ मध्ये औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नांदेडला ते १९८८ मध्ये, तर लातूरला २००२ मध्ये मिळाले. लातूर हा स्वतंत्र जिल्हाच मुळी १९८२ मध्ये अस्तित्वात आला.

या व्यवस्थेची कसोटी ३० सप्टेंबर १९९३ रोजी लागली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होऊन गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती व मातीचे जड छत असलेली घरे झोपलेल्यांवर कोसळली. सुमारे ८ ते १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याखालून माणसे काढण्याचे पहिले काम गावकऱ्यांच्याच हातांनी झाले. मणका मोडलेल्या व्यक्तीची मान आधाराविना हलल्यास मज्जारज्जूला नवी इजा होऊ शकते. म्हणजे उपचाराचा पहिला निर्णय शल्यचिकित्सकापुढे जाण्यापूर्वी, उचलण्याच्या क्षणीच होत असतो. त्या वेळी लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते आणि मुंबई सुमारे ५०० किलोमीटर दूर होती. गोयल-लाहेरी यांचा लेख प्रसिद्ध झाला, तो त्याच्या पुढच्याच वर्षी. ज्ञान व गरज एकाच राज्यात, पण परस्परांपासून दूर होती.

स्थिरीकरणाची खरी किंमत

शस्त्रक्रिया महाग आणि स्थिरीकरण स्वस्त, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. स्थिरीकरणात रुग्णाला साधारणतः तीन महिने मान बांधून राहावे लागते. हॅलोच्या खिळ्यांच्या जागा स्वच्छ ठेवणे, शय्याव्रण होऊ न देणे आणि हाड सरकले नाही ना, हे क्ष-किरण चित्राने पुन्हा पुन्हा तपासणे आवश्यक असते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाव सोडणाऱ्या कुटुंबातील रुग्णाला हे पाळणे अवघड असते. तपासणी चुकली, तर न जुळलेले हाड लक्षात येत नाही आणि काही काळाने हातापायांत दुर्बलता येऊ शकते. उलटपक्षी, शस्त्रक्रियेत मणक्याजवळून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला इजा होण्याचा धोका असतो, त्यासाठी सी. टी. स्कॅन, कुशल भूलतज्ज्ञ व अनुभवी शल्यचिकित्सक लागतात. दोन्ही मार्गांना सक्षम रुग्णालयाची गरज आहे. फरक इतकाच की एकाला ती काही तास, तर दुसऱ्याला काही महिने भासते.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेडचा समावेश होता. पुढच्याच वर्षी ती राज्यभर लागू झाली. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध झाली. या दोन्ही घटनांमुळे खर्च व वाहतूक हे अडथळे काही अंशी कमी झाले. घरी परतल्यानंतरच्या देखरेखीचा प्रश्न मात्र योजनांच्या चौकटीबाहेरच राहिला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, शस्त्रक्रिया व स्थिरीकरण यांतील निवड ही केवळ क्ष-किरण चित्रावरून होत नाही. अस्थिभंगाचा प्रकार, रुग्णाचे वय आणि मज्जारज्जूची अवस्था हे वैद्यकीय निकष निर्णायक आहेतच. परंतु रुग्ण तपासणीसाठी पुन्हा येऊ शकेल काय, हाही तितकाच वैद्यकीय प्रश्न मानावा लागेल. जेथे परत येणे शक्य नाही, तेथे शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय सौम्य उपचार ठरत नाही; तो उपचाराचा अभाव ठरू शकतो. किल्लारीनंतर या भागात भूकंपरोधक घरांचा आग्रह धरला गेला. तसाच आग्रह मणक्याच्या रुग्णाला योग्य रीतीने उचलण्याच्या ग्रामपातळीवरील प्रशिक्षणाबाबत आणि उपचारानंतरच्या पाठपुराव्याबाबत धरला जाणे आवश्यक आहे.