तळटीप : क्रँकवॉक

* क्लच दाबला की त्याचा जोर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि तो जोर थ्रस्ट बेअरिंग झेलते. १९९५ ते १९९९ या काळातल्या मित्सुबिशी एक्लिप्स टर्बोमध्ये, फ्लायव्हील सात बोल्टांवर बसवलेल्या ४जी६३ इंजिनांत, काही वेळा हेच बेअरिंग झिजून जाई. मग शाफ्ट लांबीच्या दिशेने मागेपुढे सरके; हाच क्रँकवॉक. वळण घेताना क्लचचे पेडल अचानक खाली जाणे ही ठळक खूण. पुढे शाफ्ट त्याची स्थिती टिपणाऱ्या सेन्सरला घासून इंजिन बंद पडे. नुसते बेअरिंग बदलून भागत नाही, कारण खरवडलेला शाफ्ट नवे बेअरिंगही खातो. शंका असल्यास इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबावा, दुसऱ्याने क्रँकशाफ्टच्या पुलीकडे पाहावे; ती डोळ्यांना सरकताना दिसली, तर गाडी रस्त्यावर काढू नये. — संपा.