पहिली कादंबरी : साचा आणि आखणी

पेण तालुक्यातील जोहे गावात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने घरोघरी आहेत. साच्यातून निघालेल्या मूर्ती ओळीने वाळत असतात आणि त्यांतल्या कित्येक रंग न लावता, कच्च्याच, बाहेरगावी जातात. एकाच साच्यातील मूर्ती, पण आखणीच्या वेळी डोळे रेखणारा हात बदलला की मुद्रा बदलते. पहिली कादंबरी कशी लिहावी, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मला हे कारखाने आठवतात. 'माझ्याजवळ स्वतंत्र घाट नाही' या भीतीने अनेक हस्तलिखिते दुसऱ्या प्रकरणापुढे जात नाहीत. ही भीती कितपत खरी आहे, हे आपल्या कादंबरीच्या इतिहासालाच विचारावे.

मराठीतील पहिली मानली जाणारी 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजींनी ऐन पंचविशीत लिहिली. नवराबायकोचा प्रवास हा तिचा सांगाडा, आणि तोही विधवांच्या हकिकती ओवण्यापुरता. लेखकाचा धर्मोपदेशाचा हेतू लपत नाही. तरीही आज ती वाचनीय वाटते ती त्या हकिकतींमुळेच. त्यानंतरच्या 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांनी अद्भुताचा साचा घेतला. त्यांत रचना आहे, पण लेखकाने स्वतः पाहिलेले जग फारसे नाही.

हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'मधली स्थिति' (१८८५) ही त्यांची पहिली कादंबरी त्यांनी एकविसाव्या वर्षी लिहिली, आणि तिचा आराखडा रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचा होता. उसना साचा घेतल्यामुळे हरिभाऊ लहान ठरले नाहीत. तो हाताळतानाच त्यांना पुण्यातली घरे कादंबरीत कशी आणायची, याचा सराव झाला असावा. पाचच वर्षांनी 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली, तेव्हा त्यांनी सारी कथा यमू या नायिकेच्याच तोंडी दिली. आखणीचा हात तिथे सापडला. शिवाय साप्ताहिकाचा अंक ठरल्या दिवशी निघायचा, त्यामुळे स्फूर्तीची वाट पाहत बसण्याची सोय नव्हती.

श्री. ना. पेंडशांचा मार्ग निराळा. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा लेखक मुंबईत नोकरी करीत होता. आधी त्यांनी 'खडकावरील हिरवळ' (१९४१) हे व्यक्तिचित्रांचे पुस्तक लिहिले आणि मगच 'एल्गार' (१९४९). माणसे एकेकटी नीट रेखता आल्यावर त्यांना एकमेकांसमोर उभे करणे, हा क्रम नवोदिताने जरूर ध्यानात घ्यावा.

मग भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३)? तिने तर साचाच मोडला, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु तो मोडण्यासाठी त्यांनी काय वापरले ते पाहावे : खानदेशातले घर, पुण्यातले वसतिगृह, मेसचे हिशेब, परीक्षेतले अपयश. लेखकाच्या वयाला आणि अनुभवाला जवळची अशीच ही सामग्री होती. नवा घाट आधी शोधून मग त्यात अनुभव ओतला, असे ती वाचताना वाटत नाही. अनुभव जुन्या घाटात मावेना, म्हणून तो तडकला असे वाटते.

तेव्हा सल्ला द्यायचाच तर इतकाच. साचा उसना असेल तर खुशाल घ्यावा, त्याची लाज नको. माणसे आधी स्वतंत्रपणे लिहून पाहावीत. मुदत घालून घ्यावी. पहिला खर्डा पुरा होईपर्यंत मागे वळून रंग देत बसू नये, कारण अर्धवट मूर्तीची आखणी कोणी करीत नाही. खर्डा पुरा झाल्यावर मात्र तो परक्यासारखा वाचावा आणि जिथे साच्याची कड दिसते तिथे थांबून विचारावे : हे मी पाहिले आहे, की नुसते वाचले आहे?

कच्ची मूर्ती परगावच्या रंगाऱ्याकडे पाठवता येते. कादंबरीचे डोळे मात्र ज्याचे त्यानेच आखावे लागतात.