क्लासची गरज कुणाला पडली?

‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे चार आधारस्तंभ सांगा.’ तोंडी परीक्षेत हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी आला असेल. मी चारही व्याख्या घडाघडा म्हणून दाखवल्या होत्या. मग परीक्षकांनी विचारलं, ‘पण मुळात क्लासची गरज का पडली?’ आणि माझी बोलती बंद!

उत्तर व्याख्येत नाही, इतिहासात आहे.

१९६०च्या दशकात ओस्लोमधल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन न्यूगोर आणि ओले-योहान डाल यांना रांगा, वाहतूक, कारखान्यातलं काम यांची नक्कल संगणकावर करायची होती, म्हणजे सिम्युलेशन. त्यासाठी त्यांनी ‘सिम्युला’ ही भाषा घडवली.

तुम्ही एक टोलनाका डोळ्यांपुढे आणा. रांगेत ट्रक, बस, मोटारी. प्रत्येक वाहनाची आपली माहिती आहे आणि आपलं वागणं आहे: थांबणं, टोल भरणं, निघणं. माहिती एकीकडे आणि ती वापरणारा कोड दुसरीकडे ठेवला, तर शंभर वाहनांचा हिशेब ठेवताना नाकी नऊ येतात. म्हणून दोन्ही एकत्र बांधलं, तो ऑब्जेक्ट. असे ऑब्जेक्ट ज्या साच्यातून निघतात, तो क्लास. रांगेत उभं राहणं सगळ्यांचं सारखंच, मग ते एकदाच लिहून ट्रक-बसला वारशाने द्यायचं, हे इनहेरिटन्स. ‘सिम्युला ६७’मध्ये हे सगळं होतं.

पण चारही स्तंभ एकदम उभे राहिले नाहीत बरं का. ऑब्जेक्टमधली माहिती बाहेरच्यांपासून लपवायची सोय मूळ ‘सिम्युला ६७’मध्ये नव्हती, ती नंतर आली. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नावही नंतरचं. ते दिलं अमेरिकेतल्या अ‍ॅलन के यांनी. १९६६मध्ये युटा विद्यापीठात शिकताना त्यांची सिम्युलाशी गाठ पडली होती.

तिसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना आपला सिम्युलेटर सिम्युलात लिहिला. विचार मांडायला भाषा छान, पण प्रोग्राम इतका हळू चालायचा, की शेवटी तो बीसीपीएल भाषेत पुन्हा लिहावा लागला. ही अडचण ते विसरले नाहीत. १९७९मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी ‘सी विथ क्लासेस’ सुरू केलं. तेच पुढे सी प्लस प्लस झालं.

म्हणून नवी संकल्पना समोर आली, की व्याख्या पाठ करण्याआधी विचारा: ही नव्हती, तेव्हा कुणाचं काय अडलं होतं? आणि तुमचं स्वतःचं जे अडतंय, तेही वहीत टिपून ठेवा. संशोधनाचा विषय बऱ्याचदा तिथेच सापडतो.