हेडफोनमधील घरगुती फेरफार (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर)

हेडफोनच्या गाद्या, आतले अस्तर, हवेची छिद्रे, डोक्यावरच्या पट्टीचा ताण किंवा कानात बसणारी रबरे घरच्या घरी बदलून आवाज सुधारणे आणि फार वेळ ऐकल्याने येणारा शीण कमी करणे, याला घरगुती फेरफार म्हणतात. आधुनिक हेडफोनचा उगमही घरगुतीच आहे. नॅथॅनिएल बाल्डविन याने अमेरिकेतील यूटामध्ये आपल्या स्वयंपाकघरात तो जुळवला आणि १९१० मध्ये अमेरिकी नौदलाने तो घेतला. आज या छंदाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा शांत खोलीत एकट्याने बसलेल्या श्रोत्यासाठी असते. कल्याणपुढे कर्जत मार्गावरच्या या तीन शहरांतल्या बहुतेक श्रोत्यांना तशी खोली आणि तसा वेळ मिळत नाही. त्यांचे ऐकणे लोकलच्या डब्यात होते. त्यामुळे फेरफारांचा नेहमीचा क्रम येथे उलटा लावावा लागतो. ज्याने आवाजाची पातळी खाली आणता येते तो फेरफार आधी. सूर गोड करणारे नंतर.

याचा पुरावा साध्या हिशेबात आहे. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास धरले, तर सहा दिवसांच्या आठवड्यात अठरा तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ च्या सुरुवातीला जाहीर केलेल्या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा धरली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. अठरा तास ऐकणाऱ्याने ८३ च्या आत राहावे, आणि ८९ वर ऐकणाऱ्याचा आठवड्याचा वाटा मंगळवारी घरी परतताना गाडीतच संपतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत गोंगाट करणाऱ्या यंत्राजवळ पाळी करणाऱ्याच्या कानांवर तर हेडफोन लावण्यापूर्वीच बराच भार पडलेला असतो. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने नोंदवण्याजोग्या आजारांत मोडतो, तो उगीच नाही. डब्यातला माणूस आवाज वाढवतो तो हौसेने नाही. चाकांची घरघर, पंखे आणि उघड्या दारातून येणारा वारा यांचा जोर खालच्या स्वरांत असतो. त्यांखाली गाण्यातला बास आणि बोलण्याची जाडी झाकली जाते. ती ऐकू यावी म्हणून बटण वर सरकते आणि त्याबरोबर वरचे तीक्ष्ण स्वरही वर चढतात. दादर येईपर्यंत कान शिणतात ते या वाढीव स्वरांनी.

म्हणून पहिला फेरफार गादीचा. कानाभोवती फट राहिली की बास निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. चष्म्याच्या काडीएवढी फटही पुरते. स्वस्त हेडफोनची गादी पातळ असेल तर तिच्यात कान आतल्या जाळीला टेकतो आणि तासाभरात दुखू लागतो. जाड, मऊ, सलग रेक्झिनची गादी फट बुजवते आणि कानाला जागा देते. साहित्यासाठी लांब जावे लागत नाही: उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फोम आणि रेक्झिन मिळते, आणि तिथल्याच गजानन मार्केटच्या कापडपेठेत अस्तराचे कापड मिळते. मात्र सोफ्याचा फोम सरसकट चालत नाही. हळू दबणारा आणि हळू फुगणारा फोम चष्म्याभोवती वळतो. कडक फोम नुसता ढकलतो. कापडी गादीने घाम कमी येतो, पण बास गळतो, म्हणून ती घरासाठी ठीक, गाडीसाठी नाही. इथल्या पावसाळ्याचाही विचार हवा. गादीच्या रेक्झिनला पॉलियुरेथेनचा लेप असेल तर तो दमट हवेत हळूहळू विघटित होऊन पापुद्रे धरतो. तेव्हा गादी ही अधूनमधून बदलायची वस्तू मानावी, कायमची नव्हे. पट्टी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवण्याचा उपाय डोक्यावरचा दाब कमी करतो, पण जास्त ताणली की गादीने मिळवलेली पकड जाते. कानात घालायच्या इअरफोनला हाच नियम लागू: योग्य मापाचे रबर किंवा फोमचे बोंड हा जवळजवळ एकमेव फेरफार, आणि तो पुरेसा असतो.

दुसरा क्रम तीक्ष्णपणा उतरवण्याचा. कानाची नळी मुळात ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज उचलून धरते. त्यात हेडफोननेही तेथे किंवा थोडे वर, ६ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, उंचवटा ठेवला असेल तर ‘स’, ‘श’ आणि झांज टोचू लागतात. ड्रायव्हरच्या पुढे पातळ फेल्टची चकती किंवा टिश्यू कागदाचा एक पदर ठेवला की हा भाग दबतो. बंद कपाच्या मागच्या पोकळीत थोडा कापूस भरला की तिथला घुमारा कमी होतो. एक पदर वाढवावा, ऐकावे, मगच दुसरा. मागच्या छिद्रावर टेप लावली की बास बदलतो, बहुधा घटतो, म्हणून ती सहज निघेल अशीच लावावी. तांब्याची महागडी वायर बसवून आवाज उजळवू पाहणे हा मात्र पैशाचा अपव्यय आहे. धड असलेल्या दोन वायरींच्या रोधातला फरक इतका कमी असतो की ऐकण्यात तो उरत नाही.

आक्षेप तीन आहेत, आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला, हे सारे मनाचे खेळ आहेत. एका डेसिबलने मोठा आवाजही ‘चांगला’ वाटतो, हे खरेच. म्हणून फेरफार आधी एकाच बाजूला करावा, दोन्ही बाजूंना एकच मोनो आवाज सोडावा आणि मग हेडफोन उलटा घालून पाहावा. फरक हेडफोनबरोबर बाजू बदलत असेल तर तो खरा. एकाच कानाशी चिकटून राहिला तर तो कानाचा. दुसरा, फोनमधल्या इक्वलायझरने हेच होते. तीक्ष्णपणापुरते होते, आणि टिश्यूपेक्षा नेमके होते. पण फटीतून गळणारा बास इक्वलायझरने वाढवला तर ड्रायव्हर फाटका वाजतो आणि गोंगाट आत येतच राहतो. गोंगाट रद्द करणारे हेडफोन खालच्या घरघरीवर प्रभावी असतात, शेजारच्या गप्पांवर तितके नाहीत, आणि त्यांनाही घट्ट गादी लागतेच. एसी लोकलची बंद दारेही हेच काम करतात, पण ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूरला साध्या गाडीच्या जागी एसी गाडी आल्यावर प्रवाशांनी आंदोलन केले होते, तेव्हा तो उपाय सर्वांच्या खिशाला परवडणारा समजू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन रुळांजवळ जीवघेणा ठरतो. रूळ ओलांडणे रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, तरी ते चालते, आणि कानात काही असताना मागून येणारी गाडी कळत नाही. बाहेरचा आवाज न अडवणारा सैल हेडफोन हे यावरचे उत्तर नाही. तो वाढवलेल्या आवाजानेच शिटी झाकतो. हेडफोन डब्यात चढल्यावर घालावा, उतरण्यापूर्वी काढावा. आणखी एक सावधगिरी: ब्लूटूथ संचांत फेरफार गादी आणि बोंडांपुरताच ठेवावा, कारण आत चिकटवलेल्या लिथियम बॅटरीला धक्का लागल्यास ती पेट घेऊ शकते. कप उघडून करायचे प्रयोग तारेच्या हेडफोनवरच करावेत.