लाल रेघ आणि यंत्राचं शून्य

घरच्या छोट्या सीएनसीवर काम सुरू करण्याआधी यंत्राला एक गोष्ट सांगावी लागते: लाकडाचा हा कोपरा म्हणजे शून्य. त्यासाठी बरेच जण स्पिंडलच्या बाजूला दोन लाल लेसर बसवतात. दोन रेघा जिथे छेदतात, तिथे बिट उतरणार. उपकरणांच्या इतिहासावर काम करायचं असेल, तर ही स्वस्तातली जोडणी नीट बघा.

1952 मध्ये एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र लोकांसमोर दाखवलं, तेव्हा लेसर अस्तित्वातच नव्हता. यंत्राला आकडे कळायचे. पण ते कुठून मोजायचे, हे माणसालाच ठरवून द्यावं लागायचं. ही अडचण आजही तशीच आहे, फक्त यंत्र टेबलावर आलंय.

मे 1960 मध्ये मायमनचा रुबी लेसर चालला खरा, पण तो क्षणभर चमकून विझायचा. रेघ धरायला त्याचा काय उपयोग? त्याच वर्षी डिसेंबरात बेल लॅबमध्ये जवान, बेनेट आणि हेरियट यांनी हेलियम-निऑन लेसर सलग चालवला. गंमत म्हणजे तो अवरक्त होता, डोळ्यांना दिसायचाच नाही! 632.8 नॅनोमीटरचा लाल किरण 1962 मध्ये आला आणि गवंड्याच्या दोरीला, ओळंब्याला प्रकाशाचा जोडीदार मिळाला.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे स्टॅनफर्डचा सुमारे 3 किलोमीटर लांबीचा रेषीय त्वरक, 1966 मध्ये पूर्ण झालेला. तो सरळ आहे का, हे लेसरने तपासायचे. पण हवेत गरम-थंड थर असले की किरण वाकतो. म्हणून त्यांनी तो निर्वात नळीतून सोडला. म्हणजे सरळ रेषेचा पुरावा ज्याच्याकडून घ्यायचा, त्याचीच आधी खात्री करून घेतली.

टेबलावरच्या यंत्रात हवेची चिंता नाही, इथे प्रश्न भूमितीचा आहे. एकच ठिपका स्पिंडलच्या दिशेशी 30 अंश तिरका लावलात, तर तो एकाच उंचीवर खरं बोलतो. लाकूड 10 मिलिमीटर जाड निघालं की ठिपका जवळजवळ 5.8 मिलिमीटर सरकलाच. रेघेचं तसं नाही. दंडगोल भिंगातून पसरलेला किरण म्हणजे प्रकाशाचं एक प्रतल. दोन्ही प्रतलं स्पिंडलच्या अक्षातून जात असतील, तर ती त्या अक्षावरच छेदतात. मग उंची कितीही असो, फुली बिटच्या खालीच. रेघ स्वतः अर्धा-एक मिलिमीटर जाड असते, त्यामुळे बारीक कामाला हे पुरत नाही, ते वेगळं.

तपासायचं कसं? टोकदार बिटने बारीक छिद्र पाडा, फुली त्यावर आणा आणि स्पिंडल 30 मिलिमीटर वर उचला. (रेघांकडे बघा, लेसरच्या तोंडात नको.) फुली हलली, तर लेसर वाकडा बसलाय असं लगेच नोंदवू नका. लेसर बरोबर असून स्पिंडलच झेड अक्षाशी तिरका असेल, तरीही ती अशीच सरकते. दोघांपैकी कोण चुकतंय हे ती फुली सांगत नाही. त्यासाठी गुण्या आणि डायल गेजच काढावे लागतात.